खालची ओळ

बाईंच्या वर्गात नियम एकच: जे ऐकलंत तेच लिहा, जे असायला हवं ते लिहू नका. पियानोच्या झाकणावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायची, उभ्या रेघांनी पाडलेल्या आठ खणांची एक धून चार वेळा वाजवायची, आणि मुलांनी ती ऐकून पाच रेघांच्या कागदावर उतरवायची. संगीत विद्यालयात याला श्रुतलेखन म्हणत. मुलं छळ म्हणत. हात कितीही तयार असोत, कान कच्चा असला की बाई सोडत नसत. कुणी स्वर ठोकून दिला की वहीत लाल शाईत एकच शब्द उमटायचा: ‘अंदाज!’

पहिल्या दिवशी त्या आणखी एक गोष्ट सांगायच्या. “कागदावर कोरी जागा म्हणजे तिथे कुणीच नाही. विरामाची खूण म्हणजे वाजवणारा बसलाय, गप्प राहून मोजतोय. दोन्हींची गल्लत केलीत तर माझ्याशी गाठ आहे.”

सात नंबरच्या खोलीतला पियानोचा बाक दोघांचा होता. सव्वीस वर्षं बाई उजवीकडे बसून वरची ओळ वाजवायच्या आणि डावीकडे त्यांचे यजमान, म्हणजे मुलांचे सर, खालची. बाई आपली ओळ घरून नीट लिहून आणत. सर कसले लिहिताहेत! आयत्या वेळी सुचेल ते खाली जोडून द्यायचे, शिवाय सहाव्या खणात मुद्दाम एक आगंतुक स्वर टाकायचे. “अंदाजवाले इथे पडतात,” म्हणून मिशीत हसायचे. सर जाऊन चौदा महिने झाले होते. बाई आता एका हाताने एकच ओळ वाजवत, पण बसत मात्र उजवीकडेच.

यंदाच्या तुकडीत सरांना पाहिलेलं कुणी नव्हतं. त्यात एक मुलगी होती, इतके बारीक स्वर लिहायची की मुलांनी तिचं नाव मुंगी ठेवलं होतं. चेलो, म्हणजे ते गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, अशी वाजवायची की शेजारच्या वर्गातले आपलं वाजवणं थांबवत. पण प्रवेशाच्या वेळी कानाच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली तर विद्यालयाने दिलेला चेलो परत आणि पोरगी घरी.

तिसऱ्या आठवड्यात मुंगीच्या वहीत दोन ओळी आल्या. वरची निम्मी, खालची पूर्ण. बाईंनी ‘अंदाज!’ लिहून वही परत दिली. वर्ग सुटल्यावर मुंगी टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“बाई, मी अंदाज नाही केला. ऐकू आलं तेच लिहिलं.”

“अगं, एका हाताने वाजवलं मी. तुझ्या डोळ्यांदेखत!”

“मी वहीत बघत होते, बाई.”

बाईंनी डोक्याला हात लावला. चेलोवाल्यांना खर्जाची सवय असते, खालच्या तारा आपोआप घुमत असतील, असं म्हणून त्यांनी सूर लावणाऱ्या काकांना बोलावलं आणि खालच्या सगळ्या तारांमध्ये लोकरीच्या पट्ट्या ठासून घेतल्या. काका म्हणाले, “आता कुणी वर चढून नाचलं तरी इथून आवाज निघायचा नाही.” पुढच्या तासाला मुंगीने खालची ओळ लिहिली, आणि या वेळी तर जास्तच ठळक.

त्या दुपारी बाई एकट्याच बसल्या. पट्ट्या काढल्या आणि डावा हात लांब करून मुंगीने लिहिलेलं वाजवलं. पाच खण सरळ गेले. सहाव्यात एक स्वर असा आला, की त्याचं तिथे काही म्हणता काही काम नव्हतं.

बाईंनी हात उचलला. चष्मा पुसला. पुन्हा वाजवून पाहिलं, स्वर तोच.

त्यांना रडू आलं आणि रागही आला. सव्वीस वर्षं मी शेजारी बसले, आणि ऐकू येतं कुणाला, तर या कालच्या पोरीला!

मग बाई मुंगीला रोज थांबवून घेऊ लागल्या. सराव म्हणायच्या. वहीतले कागद काळजीने सुटे करून स्वतःच्या पिशवीत ठेवायच्या. लाल शाई बंद झाली. एका कागदावर खालची ओळ नुसती लडिवाळपणे वरच्या मागे मागे फिरत होती. तो त्यांनी उशाशी ठेवला. महिना असा गेला.

परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा बाई म्हणाल्या, “बरं, आता वरची ओळ गाऊन दाखव बघू.”

मुंगी वहीच्या कडेवरून बोट फिरवू लागली.

“गा ना. आत्ताच तर वाजवली.”

“वरची नाही ऐकू येत हल्ली, बाई. तुम्ही लांब गेल्यासारखं वाटतं. ते खालची वाजवणारेच तेवढे जवळ असतात.” आणि तिचा चेहरा एकदम रडवेला झाला. “मी नापास होणार ना?”

आपल्या हौसेपायी पोरीचा कान आपणच बिघडवत होतो, हे त्यांना लख्ख दिसलं. मुंगीला पाणी प्यायला पाठवून त्या बाकावरच्या रिकाम्या जागेकडे वळल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “पोरगी घरी बसेल. आता पुरे करा. माझ्यासाठी.”

परीक्षेच्या सकाळी बाहेरून आलेले परीक्षक मागे खुर्ची टाकून बसले. बाई पियानोपाशी आल्या, क्षणभर थांबल्या, आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा बाकाच्या मधोमध बसल्या. दोनदा टकटक केली. धून चार वेळा वाजवली. पेन्सिली खरखरल्या, कागद गोळा झाले. बाई उठून व्हरांड्यात गेल्या, मान वर न करता.

तासाभराने परीक्षक बाहेर आले. “तुमची ती बारीक अक्षरवाली! वरची ओळ बिनचूक. खाली उगाच विराम भरलेत, पण चूक नाही, गुण कशाला कापू? पास.”

बाईंनी कागद हातात घेतला.

इतर मुलांची खालची ओळ कोरी होती. मुंगीच्या ओळीत आठही खणांत एकेक विराम होता, मुंगीएवढा, जागच्या जागी. आठव्याच्या पुढे, अगदी कडेला, श्वासाची खूण होती.

मुंगी मागे येऊन उभी होती. “जे ऐकलं तेच लिहिलं, बाई.”

“आणि हा श्वास?”

“तो त्यांनी घेतला. वाजवायला लागायच्या आधी घेतात ना, तसा.”

“मग?”

“मग तुम्ही उठलात.”

परीक्षक जिना उतरून गेले. बाई सात नंबरच्या खोलीत परत गेल्या आणि बाकाच्या उजव्या टोकाला, जागा सोडून, बसल्या. झाकणावर दोनदा टकटक केली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून दिले.

खोलीत काही वाजत नव्हतं. निदान बाईंना तरी नाही.

दारात मुंगीने वही उघडली. तिची पेन्सिल चालू लागली. बाई तिच्या हाताकडे बघत मनात मोजत राहिल्या. एक खण. दोन. तीन.

सहाव्याला पेन्सिल थांबली. मुंगीने मान वर केली, बाईंच्या डाव्या बाजूला पाहिलं, आणि कुणीतरी खोडी काढल्यावर हसतात तशी हसली.