दिवसाचं बिऱ्हाड

नैरोबीत घर शोधायला वाकेशोने आठवड्याची रजा काढली होती, आणि त्यातले पाच दिवस नाही म्हणण्यातच गेले.

मोंबासाच्या शाखेतून मुख्य कचेरीत बढती मिळाली तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं. राहणार कुठे, हे फक्त तिच्या आईने विचारलं. आई वोई गावी राहायची आणि वाकेशोच्या पाच वर्षांच्या मुलीला, सारूला, सांभाळायची. सप्टेंबरात शाळा सुरू व्हायच्या आत घर लावायचं आणि दोघींना घेऊन यायचं, असं ठरलं होतं. कचेरी टाऊनच्या ऐन मध्यात, नवव्या मजल्यावर. तिच्या आसपास राहायचं तर पगार उचलून घरमालकाच्याच हातात द्यावा लागला असता. म्हणून उपनगर.

रोंगाईचं घर ऐसपैस होतं, पण पाणी टँकरचं, आणि संध्याकाळी मटाटूत, त्या खच्चून भरलेल्या मिनीबसमध्ये, बसलं की दोन तास हलायचं नाही. पाइपलाइन नावाच्या वस्तीत इमारती इतक्या खेटून की या गॅलरीतून त्या गॅलरीत मीठ मागून घ्यावं. खाली गटार उघडं, जिन्यात कोणाच्या तरी तान्ह्याचं सांडलेलं दूध आंबलेलं. वाकेशो नाकाला पदरासारखा स्कार्फ लावून खाली आली.

"झालं राणीसाहेबांचं बघून?" केमुंतो म्हणाली. ही कचेरीतली मैत्रीण; घर मिळेपर्यंत वाकेशो तिच्याच सोफ्यावर झोपत होती. "आता एखादा राजवाडाच उरला."

"मला उष्टं-खरकटं चालत नाही, ठाऊक आहे ना तुला."

ते खरंच होतं. लहानपणी सगळी भावंडं एका परातीतून मक्याच्या पिठाची उगाली खायची आणि ही आपली बशी घेऊन कोपऱ्यात बसायची. आई तिला 'दवाखान्याची नर्स' म्हणायची. दुसऱ्याच्या ओठाला लागलेला पेला तिने आजवर तोंडाला लावला नव्हता.

सहाव्या दिवशी तिने तुलिया कोर्ट पाहिलं. किकुयू गाव ओलांडून थोडं आत गेलं की काटेरी कुंपणाआड साठ घरं, ओळीने, लाल कौलांची. पाणी चोवीस तास. वाऱ्याला निलगिरीचा वास. आणि भाडं ऐकून तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

वेकेसा नावाचा रखवालदार किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे चालत होता. "एकट्याच का, ताई?"

"एकटीच." मूल आहे म्हटलं की बाप कुठे आहे हा प्रश्न येतो, हे तिला मोंबासात पुरेपूर कळलं होतं. सारूबद्दल मागाहून सांगता येईल.

"दिवसा घरी कोणी नसणार ना?"

"मी नोकरीवर. कोण असणार?"

"मग झालं," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा जरा सैल झाला.

नैरोबीतल्या जुलैची ती करडी, बोचरी थंडी होती. वाकेशो पहाटे साडेपाचला निघायची आणि साडेसहाला दिवेलागणीला परतायची. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं की सकाळी सगळी वसाहतच निघते. नोकरदार निघतात, ते ठीक. पण सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले किओको आजोबाही पिशवी घेऊन मटाटूच्या रांगेत उभे असायचे. टाऊनमधल्या बागेत बाकावर बसायचे दिवसभर, आणि संध्याकाळी परत. तान्ही मुलं पाठीला बांधलेल्या बाया. पायाला प्लास्टर घातलेली एक बाई, तिला दोघांनी उचलून मटाटूत बसवलं.

"अहो, यांना घरी पडू द्या ना," वाकेशो म्हणाली.

बाईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती काहीतरी अचकटविचकट बोलली होती.

दुसऱ्या आठवड्यात साबण ओला राहू लागला. सकाळी पाचला वापरलेला साबण संध्याकाळपर्यंत वाळायला हवा. थंडीमुळे नसेल वाळत, तिने स्वतःशी म्हटलं. टॉवेलही दमट. तेही थंडीमुळे. मग एका संध्याकाळी साबणावर केस चिकटलेला दिसला. आखूड, जाड, राखाडी. वाकेशोच्या वेण्या काळ्याभोर होत्या. तिने साबण कागदात धरून फेकला आणि हात तीनदा धुतले.

मग कपाच्या काठावर ओठांचा तेलकट ठसा. कप धुऊन ठेवलेला होता, पण कोणीतरी घाईत, वरवर धुतलेला. मग न्हाणीघराच्या फरशीवर नखाची कात्रणं, पिवळी, जाड, पाण्यात भिजून मऊ पडलेली. मग दात घासायचा ब्रश. तो तिने तोंडात घातला आणि मग तिला कळलं की तो आधीच ओला आहे. कोमट ओला.

ती मोरीवर वाकून बराच वेळ ओकत राहिली.

वेकेसाने कोणाला तरी दिवसाची खोली भाड्याने दिलीय, चोर कुठला, असं तिने पक्कं ठरवलं. दुसऱ्या दिवशी कुलूप बदललं. नवा ब्रश पर्समध्ये ठेवला. आणि जुना फोन स्वयंपाकघरातल्या फडताळावर, पिठाच्या डब्याआड, चित्रण चालू करून ठेवला.

संध्याकाळी फोन जिथल्या तिथे होता. फक्त ओला होता आणि बोटांना चिकटत होता. चित्रणात पहिले तीन तास रिकामं स्वयंपाकघर, खिडकीतून सरकणारं ऊन. साडेआठला काहीतरी पडद्यावर आलं आणि काळोख झाला. पुढे सगळा काळोखच. त्यात एक आवाज, मंद, ओलसर, थांबून थांबून येणारा. वाकेशोने तो पाच मिनिटं ऐकला. मग तिच्या मनात आलं की हा फोन कोणीतरी हातात धरलेला नव्हता, तोंडात धरला होता. तिने तो ओट्यावर टाकला आणि पुन्हा उचलला नाही. दुसऱ्या दिवशी झाडूने ढकलून कचऱ्यात लोटला.

शेजारच्या घरात बराकाची आई राहायची. रविवारी सगळी वसाहत प्रार्थनेला जायची आणि अंधार पडल्यावरच परतायची; वाकेशोचे सुट्टीचे दिवस केमुंतोकडेच जायचे. त्या रविवारी तीही नुकतीच आली होती, पायरीवर बसून वाटाणे सोलत होती.

"कुलूप कशाला बदललंस गं? फुकट गेलं ते."

वाकेशो तिच्या पायरीशी थांबली. "तुमच्याकडेही...?"

"कपाटातला एक कप्पा रिकामा ठेव. मग तुझ्या वस्तूंना फारसा हात लागत नाही."

"कोणाचा हात?"

बराकाच्या आईने एक शेंग उघडली, आत अळी होती, ती तिने बोटाने उडवली. "अर्ध्या भाड्यात अर्धा दिवस मिळतो, बाई. तू दिवसभर टाऊनमध्ये. रिकाम्या घराचं काय लोणचं घालणार होतीस?"

"तुम्ही पाहिलंय कधी?"

"आम्ही सहाच्या आत येत नाही," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "आणि खायला काही ठेवून जाऊ नकोस. खायचं ते त्यांचं ते आणतात. उगाच चव लागते मग एकमेकांची."

वाकेशोला या शेवटच्या वाक्याचा अर्थ लागला नाही. गुरुवारी लागला.

कचेरीत एक वाजला होता. तिने अजून डबा उघडलेला नव्हता. समोर विम्याच्या दाव्यांचा गठ्ठा होता, आणि अचानक तिच्या तोंडाला मासळीची चव आली. ओमेना, ती तलावातली बोटभर चंदेरी मासळी, कांद्याबरोबर तेलात परतलेली. वाकेशोने ती जन्मात खाल्ली नव्हती. नुसत्या वासानेही तिला मळमळायचं. आता तिच्या जिभेवर तेल होतं, घशात करपलेल्या कांद्याचं आंबट. तिला ढेकर आली, मोठी, पोट भरल्याची.

केमुंतोने खुर्ची मागे सरकवली. "अगं बाई! ओमेना? तू? आणि एवढी कोंबून? आम्हाला नाही ती बोलवायची."

वाकेशोने दाढेत टोचणारं काहीतरी जिभेने पुढे आणलं आणि रुमालावर काढलं. भाताच्या शितापेक्षा थोडं मोठं, माशाचं डोकं. डोळा शाबूत होता.

ती उठली. पर्स घेतली. "मी घरी जातेय."

मटाटूतून उतरून तिने मोटारसायकलवाला केला. त्याने तिला वसाहतीच्या वळणावर सोडलं. पुढे येत नाही म्हणाला, पैसेही न मोजता गाडी फिरवून गेला.

दुपारचे अडीच. तुलिया कोर्ट तिने उजेडात फक्त घर बघताना पाहिलं होतं, तेव्हा ते शांत होतं. आताही माणूस दिसत नव्हतं. पण साठही स्वयंपाकघरांतून वाफ येत होती. दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या. त्यातली एक तिची होती, पिवळ्या काठाची. मध्यभागी मोठा चिकट डाग, धुऊनही न गेलेला.

आणि आवाज. आधी तिला वाटलं पाऊस आहे. मग तिला कळलं, तो चावण्याचा आवाज आहे. साठ घरांत, बंद दारांआड, कोणीतरी सावकाश, तोंड न मिटता, जेवत होतं.

तिने आपल्या दाराला किल्ली लावली. किल्ली फिरली. दार उघडलं नाही. आतून कडी होती.

तिने दार वाजवलं.

आतलं चावणं थांबलं.

"जेवण चाललंय," आतून आवाज आला. बाईचा की पुरुषाचा, कळेना. तोंडात घास होता. रागावलेला नव्हता, थकलेला होता, दिवसभर घरकाम करणाऱ्या माणसासारखा. "सहाला या."

वाकेशोला दारापासून हात काढता येईना.

आत भांडं सरकलं. मग तोच आवाज, पण हळू, लाडात, तिच्याशी नव्हे, दुसऱ्याच कोणाशी:

"आ कर. आ..."

ती धावत मुख्य रस्त्यापर्यंत आली. चपलेचा बंद तुटला होता, तो तिला केमुंतोच्या घरी पोचल्यावर दिसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला ती आणि केमुंतो सामान आणायला गेल्या. दार सहज उघडलं. घर झाडलेलं, पुसलेलं. केमुंतोला तिने सगळं सांगितलेलं नव्हतं. दिवसा कोणीतरी घरात येतं, एवढंच.

"स्वच्छ तर ठेवतो गं तुझा चोर," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकली.

टेबलावर दोन ताटल्या होत्या. मोठी चाटूनपुसून साफ. शेजारी लहान, प्लास्टिकची, काठावर ससे असलेली. वाकेशोच्या घरात अशी ताटली नव्हती.

तिच्यात उगाली आणि मासळी होती. काटे वेचून काठाला लावलेले, एकेक. बाकीचं सगळं मऊ, लिबलिबीत, एकजीव. अर्धं संपलेलं.

केमुंतोने वाकून पाहिलं. "हे कुस्करलेलं नाहीये," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "वाकेशो, हे चावलेलं आहे. कोणीतरी चावून परत काढलंय. लहान मुलाला देतात तसं."

त्यात लाळेचे बुडबुडे अजून फुटत होते.

वाकेशोने कागदपत्रं आणि कपड्यांची एक पेटी घेतली. गादी, भांडी, टॉवेल, सगळं तिथेच टाकलं. फाटकाशी वेकेसाने किल्ली घेतली आणि जुडग्यात अडकवली.

तिने पाइपलाइनला दोन खोल्या घेतल्या. गटार तसंच उघडं होतं, भिंतीपलीकडचा माणूस रात्रंदिवस खाकरायचा, जिन्यात रोज कोणी ना कोणी काहीतरी सांडायचं. पण त्या प्रत्येक घाणीला धनी होता. नाव-गाव असलेला, शिव्या देता येतील असा. आठवडाभर तिने फरशी फिनेलने धुतली. साबण वाळायचा. एक वाजता तोंडाला कसलीही चव यायची नाही. दुसऱ्या आठवड्यात ती कचेरीत हसली, तेव्हा केमुंतो म्हणाली, "आली बाई माणसात."

ऑगस्टच्या अखेरीस आई आणि सारू रेल्वेने आल्या. स्टेशनवर सारू तिच्या कमरेला बिलगली. पोर जड झाली होती, गाल वर आले होते.

"काय खायला घालतेस गं हिला?" वाकेशोने विचारलं.

आईने पिशवी खाली ठेवली. "तेच तुला सांगायचं होतं. फोनवर बोलले नाही, उगाच काळजी करशील. जुलैपासून दुपारच्या ताटाला हात लावत नाही. पोट भरलंय म्हणते. मी म्हटलं शेजारी जाऊन खात असेल, पण नाही. आणि गेले पंधरा दिवस नुसती रडतेय. दुपार झाली की दाराशी जाऊन बसते."

"कोणाची वाट बघते?"

"विचारलं की गप्प."

वाकेशोने चपात्या केल्या, घेवड्याची उसळ केली, बटाटा घातला. सारूला बटाटा आवडायचा. नवी बशी आणली होती, पांढरी, कोरी. तिच्यासमोर वाढून ती शेजारी बसली आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

सारूने बशीकडे पाहिलं. हात मांडीतच ठेवले.

"खा ना, राणी."

सारूने मान वर केली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं, पिल्लासारखं, थेट घशापर्यंत.

"असं नाही," ती म्हणाली. "आधी तू चाव."