नऊ सेकंद

ऑफिसात तिला सगळे हट्टीबाई म्हणत, आणि तिला ते आवडे. दवाखान्याच्या वेबसाइटचा सर्व्हर ती सांभाळत होती. सगळी पानं ज्या ठरावीक आकड्यांवर चालत, ते सगळे एकाच फाईलमध्ये होते. त्यांतला एक होता ‘थांबण्याची मर्यादा = ९’. नऊ सेकंदांत नाव भरलं नाही, की पेशंट बाहेर! तिच्या आईची थरथरती बोटं तीनदा हरली होती.

तिने नवाचे साठ केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊ. सर्व्हरच्या नोंदवहीत बदल करणाऱ्याचं नाव नव्हतं.

“तो आकडा माझ्याही आधीचा आहे,” शेजारच्या खोलीतले काका म्हणाले. ते तिचे वरिष्ठ. “नसत्या फंदात पडू नकोस.”

“काका, आकडा काय देवाने लिहिलाय?”

काका हसले नाहीत. दाराकडे बघत एवढंच म्हणाले, “मीही एकदा बदलला होता. एकदाच.”

आठवडाभर हाच खेळ. ती साठ करी, सकाळी नऊ. शेवटी तिने आकड्याशेजारी टीप लिहिली : ‘हा बदल मी केलाय. हरकत असेल त्याने समोर यावं.’

दुसऱ्या दिवशी टीप गायब होती. त्या जागी नवी ओळ होती.

‘खोलीतली माणसं = २’

भरदुपार होती. पंखा गरगरत होता. खोलीत ती एकटी आणि शेजारी एक रिकामी खुर्ची.

तिने रिकाम्या खुर्चीकडे चोरून पाहिलं. पण घाबरून माघार घेईल तर ती हट्टीबाई कसली! “चल, नीघ,” ती मोठ्याने म्हणाली. साठ लिहिलं. दोन खोडून एक केला. सेव्ह.

या वेळी साठ टिकले.

तासाभराने काका चहा घेऊन आले. कप त्यांनी रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला.

“जिंकलीस हं, हट्टीबाई!” ते त्या खुर्चीला म्हणाले.

“काका, मी इकडे आहे.”

काकांनी खुर्चीचं काहीतरी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि निघून गेले.

ती ओरडली. दार लागलं.

तिने दात आवळले, कीबोर्ड ओढला, एकाचे पुन्हा दोन केले.

पडद्यावर उमटलं : ‘तुम्हाला बदलाचा अधिकार नाही.’

“बघतेच,” ती म्हणाली आणि पुन्हा दोन लिहिले. पुन्हा. पुन्हा.

शेजारच्या कपातला चहा घोटाघोटाने कमी होत होता.