रिकाम्या खोलीचं माप

दुपार होईतो तात्यांची पाठ बोलायला लागली होती. प्रयोगशाळेतली मोजणीची खोली आतून काळ्या स्पंजाच्या सुळक्यांनी मढवलेली. लहरी त्यात जिरायच्या, माणसाचा आवाजही. मधोमध तात्यांनी उभारलेलं नवं वर्तुळ होतं, माणूस मावेल एवढं. त्याच्या पाट्यांवर मुंगीएवढ्या तांब्याच्या कड्या छापलेल्या. निसर्गात असा पदार्थ नाही. रेडिओलहरी त्याला वळसा घालतात आणि पलीकडे जशाच्या तशा जुळतात. आत काय आहे ते त्यांना कळतही नाही.

रीत अशी, की आधी रिकाम्या खोलीचं माप घ्यायचं आणि पुढच्या प्रत्येक मापातून ते वजा करायचं. खोलीबाहेर संगणकापाशी बसलेल्या संशोधक बाईंनी ते घेतलं, तेव्हा तात्या वर्तुळात वाकून स्क्रू आवळत होते.

"अहो बाई, मी आत होतो!"

"आलेख तर स्वच्छ आलाय. म्हणजे तुम्ही नव्हतातच," बाई हसल्या. "आता परत नको हो, जीव मेटाकुटीला आलाय."

तात्यांनाही घाईच होती. घरी बायको अंथरुणाला खिळलेली. ह्यांच्या हातूनच चार घास घ्यायची, दुसऱ्या कुणापुढे तोंड उघडायची नाही. त्यांनी माप तसंच राहू दिलं.

हात धुवायला गेले, तर आपोआप चालणाऱ्या नळाला पाणी आलं नाही. बोळातला दिवा ते खाली उभे असतानाच विझला. बाहेरचं सरकतं दार उघडेना.

ते परत आले. "बाई, ते माप पुसा. नव्याने घेऊ."

बाईंनी जरा उशिराने मान वर केली, आणि त्यांच्या किंचित बाजूला पाहिलं. "काय तात्या, तुम्ही पण!"

बाईंनी पुन्हा माप लावलं. या वेळी तात्या त्यांच्या खुर्चीमागेच थांबले. खोलीचं दार बंद.

आलेखात मधोमध उंचवटा आला. माणसाएवढा.

बाईंनी माईक ओढला. "तात्या, परत आतच राहिलात? या बाहेर."

"मी इथे आहे, बाई."

बाईंनी मान वळवली नाही.

खोलीचं जड दार आतून उघडलं.

"जा आता घरी," बाई दाराकडे बघून म्हणाल्या. "वहिनी वाट बघत असतील."

सरकतं दार उघडलं. तात्या धावले. ते मिटलं.

दाराच्या काचेवर हात आपटून आपटून ते थकले, तेव्हा कुठे बाईंचा फोन वाजला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला आणि काम चालू ठेवलं.

"पोचले हो हे," बायको म्हणाली. कधी नव्हे इतका खुललेला आवाज. "पोटभर जेवले मी. आणि बाई, आज हे जराही दमलेले नाहीत."