बाराव्या लेव्हलचा बैल

बदनापूर स्टेशनच्या बाकावर माझ्या शेजारी एक जण मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता, आणि त्याची वांगी वाळत होती.

खरी नव्हेत. पडद्यावर मुलांच्या मार्कांचा तक्ता होता आणि अगदी तळाशी, बोटभर उंचीच्या पट्टीत, एक शेत. त्यात टोपी घातलेला शेतकरी, दोन कोंबड्या आणि एक मांजर. माझ्या डोळ्यांदेखत मांजर शेतातून उडी मारून मार्कांच्या तक्त्यावर चढलं आणि तिथंच अंग चाटत बसलं. तो आपला आकडे भरत होता. त्याला पत्ताच नाही.

मी सकाळपासून कृषी संशोधन केंद्रात होते. तुरीच्या बियाण्याच्या दोन पिशव्या पायाशी होत्या, गाडी तासभर लेट होती, मे महिन्याचं ऊन आत्ता कुठं कलत होतं. दुसऱ्याच्या पडद्यात डोकावू नये, हे मला कळतं. पण माना टाकलेलं पीक बघून गप्प बसणं मला जमत नाही.

“तुमची वांगी वाळून राह्यली,” मी म्हणाले.

तो दचकला. त्यानं पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्याचे कान लाल झाले.

“हो... पाणी द्यायचं राहिलं.” त्यानं एकदा बोट टेकवलं. वांगी ताठ उभी राहिली.

“एवढ्यात झालं?”

“हा खेळ आपोआपच चालतो. वर आपण आपलं काम करायचं, खाली शेत आपलं आपलं पिकतं. मधून मधून नुसतं लक्ष द्यायचं.”

“आपलं आपलं पिकतं,” मी म्हणाले. “आणि आम्ही येडे, पाचला उठून राह्यलो.”

तो हसला. आधी त्याचे डोळे बारीक झाले, मग ओठ हलले. मी उगाचच पिशव्यांच्या गाठी तपासल्या.

त्याचं नाव अपूर्व. राहायला जालन्यात, आणि बदनापूरच्या एका कॉलेजात कम्प्युटर लॅब सांभाळायचा. रोज गाडीनं ये-जा. मी प्रियदर्शनी, परतूर तालुक्यातल्या आष्टीची. शेतीची डिग्री घेऊन पुण्यात नोकरीला लागले होते, पण जानेवारीत आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला आणि मी घरी परतले. आता वावर मीच बघते.

हे सगळं बोलणं गाडीत झालं. समोरासमोर जागा मिळाली होती. जालना जवळ आलं तसं मी विचारलं, “तुमचा तो खेळ... एका हातानं खेळता येतो का?”

“का?”

“आबांचा उजवा हात चालत न्हाई. बोलणं अडखळतं, पण येतं. फक्त... ते वावराचं नावच काढत न्हाईत. दिवसातून दोनदा वावरात जाणारा माणूस, चार महिने भिंतीकडं तोंड करून बसून राह्यला. यंदा तूर घ्यायची का कपाशी, एवढंसुद्धा विचारलं न्हाई मला.”

सगळे म्हणतात तसं ‘अरेरे’ तो म्हणाला नाही. त्यानं विचारलं, “डावा हात?”

“बराबर चालतो.”

“मग माऊस डाव्या हाताचा करून देता येईल. लॅपटॉप आहे घरी?”

“कॉलेजातला हाय, जुना.”

“मी रविवारी येतो.”

“आष्टीला? रस्ता म्हाईत हाय तुम्हाला?”

“तुम्ही सांगाल ना.”

मी घाईघाईत नंबर दिला. त्यानं प्लॅटफॉर्मवर उतरून लगेच लावून बघितला. माझा फोन वाजला नाही. मी जीभ चावली, आणि खिडकीतून पुन्हा सांगितला – सावकाश, एकेक आकडा. तो माझ्याकडं बघत एकेक आकडा दाबत होता.

रविवारी तो खरंच आला. माय, म्हणजे माझी आई साळूबाई, पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली आणि तिनं माझ्याकडं असं काही बघितलं, की मी स्वयंपाकघरात पळाले.

आबा खाटेवर होते. अपूर्वनं स्टूल ओढून त्यांच्यासमोर लॅपटॉप ठेवला, माऊस डावीकडं मांडला. “काका, हे तुमचं. सुरुवातीला एकच वाफा मिळतो, एक झोपडी आणि एक कोंबडी. हे गाजराचं बी. इथं दाबायचं, की पेरलं.”

आबांनी बराच वेळ पडद्याकडं बघितलं. “हे... वावर हाय?”

“हो.”

“नांगरट?”

“नांगरट नाही काका या खेळात. ज्यांनी बनवलाय, त्यांनी वावर बघितलेलं नसावं.”

“आन्... बैल?”

“बैल बाराव्या लेव्हलला मिळतो. रोज थोडं थोडं पिकवायचं, लेव्हल वाढत जाते. तोवर कोंबडी.”

“कोंबडीला... जुपू का मंग?”

अपूर्व गंभीरपणे म्हणाला, “मी विचारून बघतो त्यांना.”

आबांच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला. माय दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. चार महिन्यांत ते पहिल्यांदा हसले होते.

मग आबांनी डाव्या हातानं गाजर पेरलं. माऊस दोनदा घसरला, तिसऱ्यांदा जमलं. अपूर्वनं मदतीला हात पुढं केला नाही, नुसता शेजारी बसून राहिला. मला तो आवडायला लागला तो त्या क्षणी, हे मला आता सांगता येतं. तेव्हा मी त्याला फक्त चहा नेऊन दिला, आणि त्यात साखर घालायला विसरले. त्यानं तो निमूट प्यायला.

नंतर तो दर रविवारी येऊ लागला.

“आज काय बिघडलं?” मी दारातच विचारायची.

“अजून काही नाही. पण बिघडू शकतं.”

जुलैत तो माझ्याबरोबर वावरातही आला. तूर उगवली होती, पण मधे मधे जागा रिकाम्या राहिल्या होत्या. तिथं पुन्हा बी टोकायचं असतं. त्याला आम्ही नांग्या भरणं म्हणतो. मी पुढं, तो मागं. वळून बघते तर प्रत्येक खड्ड्यात चार-चार दाणे.

“दोन टाका म्हणलं होतं मी.”

“दोघांनाच करमणार नाही.”

“कोणाला?”

“बियांना,” तो म्हणाला आणि खाली बघून पाचवा दाणा टाकला.

घरी आबांची पट्टी वाढत होती. गाजरं, मका, मग दोन मेंढ्या. माय दळण निवडता निवडता सांगायची, “अवो, कणसं पिवळी पडली बघा,” आणि आबा भिंतीकडचं तोंड वळवून बघायचे. मात्र खऱ्या वावराबद्दल अजूनही एक शब्द नाही. मी तुरीचं सांगायला लागले, की ते डोळे मिटून घ्यायचे.

सप्टेंबरच्या अखेरीस एका रविवारी आम्ही वावरात असताना भुरभुर सुरू झाली. कडुलिंबाखाली जाऊन उभे राहिलो. त्याच्या चष्म्यावर थेंब साचले होते. तो शर्टाला काच पुसत होता आणि शर्टही ओलाच होता. मी ओढणीचं कोरडं टोक पुढं केलं. त्यानं चष्मा पुसला, पण टोक सोडलं नाही.

“तुम्ही... लग्नाचं काही ठरवलंय का?” त्यानं विचारलं.

मला कधीतरी हे बोलावंच लागणार होतं. “तीन स्थळं येऊन गेली. सगळे मला न्यायला आल्ते. इथं राह्यला कोणी तयार न्हाई. आबांना, मायला आन् या वावराला सोडून मी जाणार न्हाई. आधीच सांगून टाकते, म्हंजी कोणाला उगा आशा नको.”

“कोणाला?”

“कोणालाही,” मी म्हणाले.

पानांवरून पाणी ठिबकत राहिलं. त्यानं ओढणी हळूच सोडली. “मला थोडे दिवस द्या.”

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मधे दोनदा मेसेज आला – ‘काका कितव्या लेव्हलला?’ – आणि मी दोन्ही वेळा नुसता आकडा पाठवला. ‘थोडे दिवस द्या’ म्हणजे काय ते मला कळतं, असं मी स्वतःला समजावत होते. ज्याची नोकरी, घर, आई सगळं तिकडं, त्यानं इकडं कशाला यावं? त्याचा राग येत नव्हता. हेच जास्त अवघड होतं.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी आबांनी मला हाक मारली. मी पिठानं भरलेल्या हातांनीच धावले.

पट्टीवर बैल आला होता. पांढरा, डौलदार शिंगांचा. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेला, थांबला, शेपटी हलवून परत फिरला. आबा त्याच्याकडं एकटक बघत होते.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “दर्शनी... आपल्या तुरीला फुलं लागली का?”

मी तिथंच जमिनीवर बसले. “लागून राह्यली आबा. येता का बघायला?”

त्यांनी मान हलवली. हो म्हणून.

मायला सांगितलं, शेजारच्या अण्णासाहेबांना सकाळी जीप काढायला सांगितलं, आणि मग हे ज्याला सांगायचं तो एकच माणूस उरला. मी लिहिलं – ‘आबांनी तुरीचं विचारलं. उद्या वावरात नेते.’ उत्तर आलं नाही.

सकाळी आबांना कडुलिंबाखाली खुर्चीत बसवलं. समोर सगळी तूर पिवळी झाली होती. मी एक फांदी वाकवून त्यांच्या हाताशी नेली. ते डाव्या हातानं फुलं चाचपत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून मी थोडी लांब जाऊन उभी राहिले.

आणि बांधावरून अपूर्व येताना दिसला. थोडा वाळला होता. डोळ्यांखाली काळं दिसत होतं.

“घरी गेलो होतो. साळूकाकूंनी इकडं पाठवलं,” तो म्हणाला. मग त्यानं आबांकडं बघितलं.

“रविवारी काय झाल्तं तुम्हाला?” मी विचारलं.

“झोपलो होतो. दोन्ही रविवार.” त्यानं दम घेतला. “परतूरला मित्राच्या खोलीवर राहतोय, पंधरा दिवस झाले. सकाळच्या गाडीनं बदनापूर, संध्याकाळी परत. उतरल्यावर त्याच्या मोटरसायकलवर आष्टीपर्यंत यायचं आणि वळायचं. इथून रोज जाणं-येणं होतं का, ते बघायचं होतं. आधी करून बघावं, मग बोलावं, असं ठरवलं होतं.”

“म्हंजी... रोज आष्टीपर्यंत येऊन, घरात आला न्हाईत?”

“तुमच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत यायचो. एकदा तुम्ही अंगणात होता. आलो असतो तर मला परत जाता आलं नसतं.”

“आन् तुमच्या आई?”

“आईला सांगितलं. ती म्हणाली, माझं नंतर बघू, आधी त्या मुलीला विचार. म्हणून विचारतोय.” त्याचे कान लाल झाले होते. “मला तुम्ही आवडता. तुम्हाला न्यायला नाही आलो मी. इथं राहायला येऊ का?”

वाऱ्यानं तुरीची फुलं हलत होती. आबांची पाठ आमच्याकडं होती, पण फांदीवरचा त्यांचा हात थांबला होता.

“दमाल रोज,” मी म्हणाले.

“दमतो. ते बघितलंय. घरी यायला साडेआठ होतात.”

“आमच्याकडं साडेसातला जेवतात.”

“मग... तुम्ही जेवून घेत जा.”

“आबा-माय घेतील जेवून,” मी म्हणाले. “मी थांबीन.”