मागे पडलेले तुकडे

"ही बाई माझ्या आईच्या जिवावर उठली!" असं म्हणतच लेक आत्याबाईंच्या दुकानात शिरली. मागून आल्या आईला सांभाळणाऱ्या मावशी, खाली मान घालून.

आई पलंगाजवळ पडली, मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून तिनं तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण होतं, पण चित्र एकीकडे, आवाज भलतीकडे. ते नीट झालं की लेक मावशींना पोलिसांत देणार होती.

बिघडलेली चित्रणं दुरुस्त करणाऱ्या आत्याबाईंनी ते लावलं. मावशी उशाशी बसलेल्या. आईचा आवाज आला, "पाणी दे." मावशी ढिम्म. मग रिकामी खुर्ची, आणि आई जमिनीवर.

"बघा! दोनदा पाणी मागितलं, तरी हलली नाही."

"तुम्ही कुठे होता?" आत्याबाईंनी विचारलं.

"ऑफिसात. आले तेव्हा आई पडलेली."

मावशी पुटपुटल्या, "ताईंनीच मला औषधाला धाडलं. मी बसते म्हणाल्या."

"आता माझ्यावर ढकल!"

"आत्याबाई, मावशींचंच काम दिसतंय," दुकानात आत्याबाईंच्या हाताखाली असलेले त्यांचे जावईबापू म्हणाले. त्यांचं मत नेहमी सगळ्यांच्या आधी येई, आणि आधीच चुके.

आत्याबाईंनी फाइलची नक्कल केली. संगणकाच्या काळ्या खिडकीत एक कमांड टंकली. वेळेच्या आकड्यांची रांग उतरली: पुढे, पुढे, मग एकदम मागे. दुसऱ्या कमांडनं त्यांनी सगळे तुकडे आकड्यांप्रमाणे लावले.

आता मावशी पिशवी घेऊन बाहेर गेल्या. त्यानंतर आई म्हणाली, "पाणी दे." थोड्या वेळानं पुन्हा. दोन्ही वेळा नजर कॅमेऱ्याच्या जरा खाली. मग ती स्वतःच उठली.

"प्रत्येक तुकड्यावर वेळेचा आकडा असतो, जावईबापू. कॅमेऱ्यानं तुकडे उलटसुलट लिहिले. मागे पडलेला तुकडा प्लेयर टाकून देतो. म्हणून मघाशी हाक एकच ऐकू आली, तीही मावशींच्या माथी." त्या लेकीकडे वळल्या. "आई बोलत नाही. मावशी बाहेर. मग दोनदा मागितलं, हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

लेकीनं हातातला फोन पर्समध्ये टाकला.

"कॅमेऱ्याखाली बसून मेसेज लिहीत होते... देते, देते म्हणत राहिले, मनातल्या मनात."

"आणि पाप मात्र हिच्या पदरात टाकलंत. आधी हिची माफी मागा."

लेकीनं मावशींपुढे हात जोडले. मावशींनी तोंड फिरवलं.

"आईला कळू देऊ नका," लेक रडत म्हणाली.

"तिला काय कळायचंय? तुमच्याकडे बघूनच मागत होती ती."