गाण्याचं शेवटचं पान

इंदरगंजच्या सदाशिवरावांनी एकदा चोरीला गेलेला हत्ती नुसत्या जांभईवरून ओळखला होता, असं लोक सांगतात. हत्तीचं खरंखोटं हत्तीला ठाऊक. शामलाच्या गाण्याचं मात्र शपथेवर खरं.

साल छप्पन. इथली राजधानी भोपाळला निघाली, तिच्यामागे कचेऱ्या, आणि कचेरीमागे शामलाचा नवरा मधुसूदन. उद्या सकाळची गाडी. आज संध्याकाळी महिला मंडळात निरोप. तिथे शामला स्वतः रचलेलं गाणं गाणार होती, आत्येसासूबाईंच्या कहाणीवरून बेतलेलं. आणि ऐन दुपारी वहीतलं शेवटचं पान गायब!

"बाकीची गाणी?" सदाशिवरावांनी विचारलं.

"वीसच्या वीस शाबूत. फक्त याचा शेवट गेला. राजकन्या नदीपार जाते की नाही, तेच. काल आत्याबाईंनी सांगितला, मी रात्री रचून उतरवला. पाठ कुठला व्हायला!"

"मंदाताईंचंच काम, राव. पक्की बात!" सोबतचे दौलतसिंह म्हणाले.

शेजारच्या मंदाताईही गाणी रचत. त्या फणकारल्या, "चोरायचंच तर एक पान कशाला? अख्खी वही नसती का नेली?"

मधुसूदन सकाळपासून कचेरीत दप्तरं बांधत होता. धुळीनं माखून आत्ता कुठे घरी आला होता.

उरल्या आत्याबाई, म्हणजे इंदुताई. शंभर कहाण्या तोंडपाठ. पण या कहाणीचा शेवट? "आठवत नाही बाई!" म्हणाल्या, आणि दौलतसिंहांना दुसरीच सांगायला बसल्या. मध्येच ते तोंडातला विडा थुंकायला उठले.

"बसा खाली! कहाणी अर्धी टाकून उंबरा ओलांडू नये."

दौलतसिंह भरल्या तोंडानं तसेच बसले. सदाशिवराव हसले.

"दौलतसिंह, चोराला गाणं नकोच होतं. त्याला फक्त शेवट लपवायचा होता. शंभर कहाण्या जिला पाठ, ती कालचा शेवट आज विसरते? आणि कहाणी अर्धी राहिली, की माणूस उंबरा ओलांडत नाही. काय, इंदुताई?"

इंदुताईंनी कमरेच्या पिशवीतून कागदाची घडी काढली.

"वाटलं, थांबेल पोर. ही गेल्यावर माझं ऐकायला कोण आहे इथं?"

शामलानं घडी न उघडताच त्यांच्या मुठीत परत ठेवली.

"राहू द्या तुमच्याकडे. आज अर्धंच गाईन. पुढचं तुमच्या तोंडून ऐकायला दिवाळीत यावंच लागेल मला."

इंदुताईंनी डोळे पुसले.

"ये हो. नाही आलीस, तर राजकन्येला मगरीच्या पोटात घालीन. मग रडू नकोस!"