बारामतीहून आणलेलं कानाचं यंत्र

कंदील जरा बारीक कर, जोतीराम. आन गप ऐका. माझ्या सख्ख्या चुलतीवर, मुक्ताबाईवर गुदरल्यालं हाय हे. तिच्याच तोंडून ऐकलंय.

अठ्ठावन साल. मुदतीच्या तापात चुलतीचं कान गेलं व्हतं. पोरगी चार महिन्यांची. पाळण्यात रडून रडून निळी पडायची, हिला पत्ताच न्हाय. म्हणून गेणबाकाकानं बारामतीच्या एका घड्याळवाल्याकडनं जुनं कानाचं यंत्र घेतलं. पानाच्या डबीएवढी पेटी, तिला वायर, टोकाला कानात घालायची बोंडी.

"कुणाचं हाय?" काकानं इचारलं.

"इंदापूरच्या एका म्हाताऱ्याचं. आता त्यांना लागत न्हाय."

घरी चुलतीनं बोंडी कानात घातली. लेकीचं रडणं पहिल्यांदा ऐकलं, आन तिच्याबरुबर तीबी रडली.

तिसऱ्या दिवशी पौषातली अमावस. सांगवीत कालव्याच्या पाण्याची पाळी आमची, रातची. काका जेवून उसात गेला. वस्तीवर मायलेकी दोघीच. कडी आतनं लावल्याली.

अकराच्या सुमाराला यंत्रात खरखर झाली. मग म्हाताऱ्या माणसाचा आवाज. अगदी कानाशी.

"पोरी, दार उघडू नगंस."

चुलतीनं बोंडी उपसली. सामसूम. परत घातली.

"उघडू नगंस..."

तेवढ्यात दार वाजलं.

"मुक्ते, उघड. मी हाय."

काकाचाच आवाज! तिनं कडीला हात घातलाबी.

"त्यो न्हाय, पोरी."

हात तिथंच थांबला.

"उघड की. गारठलोय."

"पाळी सोडून कसं आलासा?" तिनं इचारलं.

मग भाईरनं हळूच...

"बरं. पोरगी तेवढी दे."

चुलतीनं पोर छातीशी आवळली. दाराला पाठ लावून बसली. दार हाललं. एकदा... दोनदा... पोर रडली न्हाय. नुसती वर बघत व्हती.

मग काईच न्हाय.

उजाडल्यावर काका आला. फटीतनं त्याचं तोंड नीट बघून मगच तिनं कडी काढली.

"रातभर बांधावरनं हाललो न्हाय मी," काका म्हणला.

यंत्र चुलती अजून वापरती. म्हाताऱ्याचा आवाज परत कधी आला न्हाय.

पर त्या सकाळी मी सोता वस्तीवर जाऊन ते दार बघितलं. भाईरनं, पार वर, चौकटीपाशी राखंचं दोन पंजं उमटल्यालं.

आन बोटं...

बोटं खाली, जमिनीकडं व्हती.